शेडमधलं पेट्रोल बंद: राजदूत धुताना वापरून पाहिलेलं पाण्याचं डिग्रीझर

वडिलांची राजदूत मोटारसायकल गावाकडं गोठ्यात कितीतरी वर्षं उभी होती. दिवाळीनंतर ती लातूरला आणली, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोलायला घेतली आणि पहिल्याच दिवशी अडलो ते चिकट्यापाशी. टू-स्ट्रोक गाडी, त्यात धूळ, कडब्याचा भुसा आणि गळलेलं ऑईल. गिअरबॉक्सच्या पोटाला बोटभर जाड डांबर. पाना लावायला नटच दिसेना.

आपल्याकडं यावर एकच औषध, पेट्रोल. कुठल्याही गॅरेजात बघा, ऑईलचा कापलेला कॅन, त्यात पेट्रोल आणि एक टकला ब्रश. मीही तेच केलं. संध्याकाळी आई तुळशीपुढं दिवा लावायला आली. शेडपासून तुळस दहा पावलांवर. काडी ओढायच्या आधी तिला वास आला म्हणून थांबली. म्हणाली, "आरं, मी तुळशीला दिवा लावायले, तू घरालाच लावायलास का?"

मी ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. प्रॅक्टिकलला पोरांच्या हातातले स्पिरिटचे दिवे सांभाळणं हे माझं काम. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीनं पेट घेते, हे मला पाठ होतं. त्यातलं बेंझीन कातडीतूनही शरीरात जातं, हेही. तरी हात मनगटापर्यंत बुडालेले. त्या संध्याकाळपासून पेट्रोल फक्त टाकीत.

मग रॉकेल. रेशनचं निळं रॉकेल आता कुठं मिळणार, म्हणून पेंटच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाईन आणलं. काम चोख करतं. रात्री ट्रेमध्ये पार्ट बुडवून झाकण लावलं की सकाळी थर ब्रशनं सुटतो. ते वाळायला वेळ घेतं, मागं हलकी तेलकटी ठेवतं, पण बेअरिंग आणि चेनसाठी ती तेलकटी बरीच. गाळ खाली बसला की वरचं निवळ परत वापरता येतं, एक लिटर मला तीनदा पुरलं. डिझेलही असंच, फक्त त्याचा वास हाताला जेवणापर्यंत राहतो.

पण एक गोष्ट आपल्या भागात कुणी बोलत नाही. रॉकेल पेटायला साधारण 35 अंशांच्या पुढं जावं लागतं, टर्पेंटाईनला त्याहून थोडं कमी. म्हणून ते पेट्रोलपेक्षा निर्धोक. बरोबर आहे, डिसेंबरात. मे महिन्यात लातूरचा पारा 40 च्या वर आणि माझ्या पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथं हा निर्धोकपणा संपतो. होळीनंतर हे काम मी सकाळी आठच्या आत, शेडच्या बाहेर करतो. दुपारी नाहीच.

म्हणून पाण्यात कालवायचं डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारं द्रावण. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावरच्या दुकानातून पाच लिटरचा कॅन घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तीन कंपन्यांची तीन वापरून पाहिली आणि दोघांत फरक रंगाचाच निघाला. तिसऱ्याला लॅबमधली पीएच पट्टी लावली तर 13, म्हणजे कॉस्टिकसारखं जहाल अल्कली, ॲल्युमिनिअम खाणारं. ते फरशी धुवायला दिलं. ॲल्युमिनिअमचे पार्ट असतील तर ही पट्टी लावून बघाच, किंवा निदान लेबलवर ॲल्युमिनिअमला चालेल असं लिहिलंय का ते वाचा.

मला हे आधीच शिकायला मिळालं होतं. सायलेन्सरमधली काजळी काढायला कॉस्टिक सोड्याची बादली केली होती. (सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी नाही, हातमोजे, चष्मा हवाच.) लोखंडी नळीला त्यानं काही होत नाही, काजळी मऊ पडून निघून येते. पण त्याच बादलीत मी घाईघाईत क्लचचं कव्हरही टाकलं. ते ॲल्युमिनिअमचं. चुलीवरच्या डाळीसारखा फेस उकळायला लागला. तो हायड्रोजन. बाहेर काढलं तोवर कव्हर काळं पडून त्यावर देवीचे वण उठावेत तसे खड्डे. नवीन मिळत नाही, तेच बसवलंय.

तर डिग्रीझर. एकास दहा पाणी, आणि पाणी गरम हवं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी पुरतं, गिझर लागत नाही. साध्या ऑईलच्या थराला हे उत्तम, दहा मिनिटांत पांढरट दुधाळ होऊन वाहून जातं. न वास, न आगीची भीती, आईही खूश. पण ते बोटभर डांबर यानं हललं नाही. त्याला आधी खुरप्याचा जुना पाता, मग टर्पेंटाईन, मग शेवटचा हात डिग्रीझरचा. नुसत्या डिग्रीझरवर गाडी धुवायला निघालात तर दोन कॅन लागतील.

आणि पाणी! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं शहर हे. धुवायला एक बादली आणि खळखळून काढायला दोन, म्हणजे बायकोची परवानगी लागते. बोअरच्या जड पाण्यात ते नीट फेसाळत नाही, पार्टवर पांढरे डाग राहतात. शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. धुतल्यावर लगेच उन्हात, आणि वाळल्याबरोबर ऑईलचा हात, नाहीतर लोखंड संध्याकाळपर्यंत तांबूस. आपलं ऊन एवढ्या कामाला तरी उपयोगी.

धुतलेल्या पाण्याचं मात्र उत्तर मला सापडलं नाही. टर्पेंटाईनचा गाळ वेगळा होतो, यातलं तेल पाण्यात मिसळूनच राहतं. आमच्या घरात वापरलेलं पाणी झाडाला घालायची सवय. पहिली बादली आईनं कढीपत्त्याला घातली, पंधरा दिवसांत निम्मं झाड पिवळं. आता जुन्या ड्रममध्ये साठवतोय, वर तरंगेल तेवढं तेल चिंध्यांनी टिपतो, बाकी उन्हात आटू देतो.

मेव्हण्यानं जालन्याहून सुचवलेलं संत्र्याच्या सालीचं सॉल्व्हंट पण मागवलं. लिमोनीन म्हणतात. स्टिकरचा गोंद आणि ग्रीस झकास निघतं, शेड बागेसारखं दरवळतं. पण छोट्या बाटलीची किंमत बघता गाडीचं इंजिन नाही, देव्हारा पुसावा. रबरी ओरिंग त्यात पडली ती फुगून बसेनाशी झाली, तेवढं जपा.

पाचपैकी साडेतीन देईन डिग्रीझरला. अर्धा कॅन शिल्लक आहे, चेनचा डबा अजून खोललेला नाही, आणि नळ यायला चार दिवस आहेत.