जुना कॉम्प्युटर: रॅम वाढवावी, एसएसडी टाकावी की नवाच घ्यावा?

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१४ चा. सकाळी बटण दाबून चहा टाकायचा, आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. सांगलीतल्या एका दुकानात नेला, तर झाकणही न उघडता "नवाच घ्या" म्हणाले. मला ते पटलं नाही. रॅम (चालू कामं ठेवायची तात्पुरती जागा), एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि नवा कॉम्प्युटर ही तीन वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. दुखणं कोणतं ते आधी बघायला हवं.

ते घरीच कळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मशीन अगदी रखडलेलं असताना त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे टक्के पाहा. माझ्याकडे सीपीयू निवांत होता, मेमरी निम्मीअधिक भरलेली, आणि डिस्क मात्र सतत १०० वर.

डिस्क अशी १०० वर अडकत असेल आणि आत जुनी हार्डडिस्क असेल, तर डोळे झाकून एसएसडी घ्या. हार्डडिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणारं डोकं योग्य जागी सरकावं लागतं. एकेका शोधात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली वाचल्या जातात, तिथेच आपला चहा संपतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतो. डिस्क ज्या जोडाने मदरबोर्डाला जोडतात त्याला साटा म्हणतात. "तुमच्या बोर्डावर जुना साटा २ आहे, फायदा नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. साटा २ वर वेग सेकंदाला साधारण ३०० एमबीला अडतो, साटा ३ वर ५५० पर्यंत जातो, हे खरं. पण रोजच्या वापरात फरक पडतो तो शोधाच्या वेळेमुळे, आणि तो दोन्हीकडे मिळतो. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडीच मागा. एनव्हीएमई ही दुसऱ्या प्रकारची एसएसडी जास्त वेगवान असते, पण तिचा स्लॉट इतक्या जुन्या बोर्डावर बहुधा नसतो.

मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे राहत असेल तर रॅम. ४ जीबीवर क्रोमचे दहा टॅब आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एकदम चालवलं की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवू लागतं, म्हणून मेमरी कमी पडली तरी दोष डिस्कचा वाटतो. ८ जीबी घरच्या कामाला पुरते. घेताना आपल्या मशीनला डीडीआर३ प्रकारची रॅम लागते की डीडीआर४ ते बघा, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

फुकटचे उपाय थोडक्यात: स्टार्टअपमधली नको ती सॉफ्टवेअर बंद करा, सी ड्राइव्हवर जागा मोकळी ठेवा. वेग वाढवून देणारे 'क्लीनर' मात्र नकोतच. आणि पंखा साफ करा. आमचं घर मार्केट यार्डाजवळ. हळदीच्या हंगामानंतर कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर पिवळा थर होता. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो.

नवा कॉम्प्युटर कधी? साधं काम करतानाही सीपीयूच १०० वर राहत असेल तेव्हा. दुसरं कारण सुरक्षेचं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल तर एसएसडीचा खर्च करण्याआधी याचा विचार करा. फक्त ब्राउझर, मेल आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, कॉम्प्युटरवरचं काहीही न पुसता, चालवून बघता येतं. टॅली किंवा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर रोजचं काम असेल तर मात्र विंडोजच लागणार.

मी एसएसडी टाकली आणि रॅम ८ जीबी केली. बँकेचं काम आता दुसऱ्या लॅपटॉपवर करतो. जुनी हार्डडिस्क फेकली नाही, यूएसबीच्या डबीत घातली आहे. वडिलांचे जुने हिशेब आणि लग्नाचे फोटो तिच्यात आहेत. तुम्हीही मशीन दुकानात देण्याआधी अशा फाइलींची एक प्रत काढून घरी ठेवा.