आयरूलमध्ये यूआरआयचे तुकडे पाडताना: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आयरूल म्हणजे एफ5च्या लोड बॅलन्सरवर (येणाऱ्या वेब रिक्वेस्ट वेगवेगळ्या सर्व्हरकडे वाटणाऱ्या यंत्रणेवर) चालणारी छोटी स्क्रिप्ट आणि यूआरआय म्हणजे रिक्वेस्टमधला पत्ता. आता थेट मुद्द्यावर येतो. पत्त्यातला पाथ काढून देणाऱ्या एचटीटीपी::पाथ आणि यूआरआय::पाथ या दोन कमांड वेगळी कामं करतात, नावावरून ते अजिबात कळत नाही आणि या एका गोष्टीने माझं जेवढं डोकं खाल्लंय तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून खाल्लं नसेल.

झालं असं की '/रिपोर्ट्स/' मारणारे बरोबर पूलवर (त्या कामाच्या सर्व्हरच्या गटावर) जात होते आणि शेवटचा स्लॅश न टाकणारे डिफॉल्ट पूलवर आपटत होते. लॉगची ओळ टाकून बघितलं तर यूआरआय::पाथच्या हातात नुसता '/' येत होता. ते शेवटच्या स्लॅशपर्यंतच देतं, पुढचं सगळं त्याच्या लेखी फाइलचं नाव, ते यूआरआय::बेसनेमकडे. एचटीटीपी::पाथ मात्र प्रश्नचिन्हाच्या आधीचं सगळं देतं. अहो मग नाव तरी वेगळं ठेवायचं ना!

तेव्हा वैतागून ठरवलं की याला परत हात लावायचा नाही. पण नंतर यूआरआय::पाथचं आकडे देऊन वापरायचं रूप वापरलं, म्हणजे शेवटी '1 2' दिलं की फक्त पहिले दोन फोल्डर मिळतात, आणि खरं सांगतो, लांबलचक पाथसाठी ते फार सोयीचं आहे. मत बदललं. राउटिंगचा (रिक्वेस्ट कुठल्या पूलवर पाठवायची याचा) निर्णय मात्र अजूनही त्यावर सोडत नाही.

त्यासाठी एचटीटीपी::पाथवर गेटफील्ड (मजकूर तोडून हवा तो तुकडा देणारी कमांड), स्लॅशने तोडून दुसरा तुकडा. दुसरा, कारण पहिल्या स्लॅशच्या आधी रिकामा तुकडा असतो आणि गेटफील्डची मोजणी 1 पासून आहे. तेच स्प्लिट (तुकड्यांची यादी करणारी कमांड) आणि एलइंडेक्सने (यादीतला हवा तो तुकडा देणारी) केलं तर मोजणी 0 पासून, तिथे तोच तुकडा 1 नंबरला. कोणी '//रिपोर्ट्स' पाठवलं तर दोन्हीकडे रिकामं हातात येतं, ते आधीच तपासा.

होस्टचं, म्हणजे साइटच्या नावाचं, तसं सोपं आहे, फक्त एचटीटीपी::होस्टमध्ये हेडरमधला पोर्टही येतो, कोलनने तोडा आणि लोअरकेस करून मगच जुळवा.

आणि यूआरआय::डीकोड (पत्त्यातले '%'वाले कोड मूळ अक्षरांत बदलणारी कमांड) नेहमी तुकडे पाडल्यानंतरच. आधी केलं तर '%2एफ'चा खराखुरा स्लॅश होतो, तुकडे सरकतात आणि रिक्वेस्ट भलतीकडेच जाते.