बालीतलं प्रवाळ प्रशिक्षण : पैसे भरण्याआधी हे वाचा

२०२४ च्या एप्रिलमध्ये प्रवाळांचं चौथं जागतिक ब्लीचिंग, म्हणजे समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडणं, जाहीर झालं, तेव्हा मी सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रवाळावरच पीएच.डी. करायची हे ठरलेलं होतं, पण पाण्यातला अनुभव म्हणजे मालवणचं स्नॉर्केलिंग तेवढं. त्यामुळे बालीतल्या सहा आठवड्यांच्या ‘रिसर्च ट्रेनिंग’ची जाहिरात दिसल्यावर मी बाबांच्या मागेच लागले. फी २ लाख १० हजार. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

‘विमानतळावर फिरायला आलोय असं सांगा,’ असा प्रशिक्षणवाल्यांचा मेसेज आला होता. तिथेच थांबायला हवं होतं. इंडोनेशियात परदेशी माणसाला संशोधन करायचं असेल तर ‘ब्रिन’ या सरकारी संस्थेचा परवाना लागतो, तिथली एखादी संस्था जोडीदार लागते. पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. हे मला तिथे गेल्यावर कळलं.

बालीतल्या तुलांबेनला अर्धेअधिक डाइव्ह लिबर्टी या बुडालेल्या जहाजावर झाले, कारण पर्यटक गिऱ्हाइकंही त्याच गाईडकडे होती. सर्वेक्षण झालं ते मोजून पाच दिवस. टेप अंथरायची, वीस-वीस मीटरचे चार तुकडे, दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते पाटीवर पेन्सिलीने लिहायचं : जिवंत प्रवाळ, मेलेलं, वाळू, दगड. एका टेपच्या १६० नोंदी. मला हे काम मनापासून आवडलं. रात्री डोळे मिटले तरी टेपच दिसायची.

तिसऱ्या आठवड्यात पाट्या ठेवायच्या टबाच्या तळाशी वॉटरप्रूफ कागदांचा गठ्ठा सापडला. ओला, एकमेकांना चिकटलेला. आधीच्या बॅचचे आकडे होते, कोपऱ्यात तारखा, वर मुलामुलींची नावं. कुणी कधी कॉम्प्युटरवर चढवलेच नव्हते. आमचे कागदही त्याच टबात जात होते.

माहितीपत्रकात ज्या विद्यापीठाचं नाव होतं तिथे मी मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं : आमचा यांच्याशी काही करार नाही. प्रशिक्षणवाल्यांकडे परवान्याचा नंबर मागितला तर ‘पुढच्या बॅचपासून घेतोय’ म्हणाले. निघताना आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा हातात ठेवत होते. तो मी घेतला नाही. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे, आपला वन्यजीव कायदा आहे. मुंबईला कस्टममध्ये अडकले असते ती मी, ते नव्हे.

तुम्ही जाणार असाल तर परवान्याचा नंबर आणि जोडीदार संस्थेचं नाव आधी मागा, त्या संस्थेला स्वतः मेल टाका. मागच्या वर्षीचा डेटाही दाखवायला सांगा. फी एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागत असतील, तर भरू नका. माझी तशीच गेली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बाबांचे हप्ते चालू आहेत.

जानेवारीच्या बॅचची जाहिरात कालच पाहिली. पाण्याखाली टेप धरलेली जी मुलगी त्यात आहे, ती मी आहे. फोटो काढून टाका म्हणून दोनदा लिहिलंय.