ठोसेघरवरनं येताना मटण थाळीला थांबणार असाल तर आधी हे वाचा

आखाड होता, श्रावण लागायला थोडेच दिवस राहिलेले, त्यामुळं सांगलीहून आत्या, मामा आणि आतेभाऊ दोन दिवस आमच्याकडं साताऱ्याला आले होते. येताना भडंगाच्या पुड्या, आईला हळद, सगळं घेऊन. रविवारी सकाळी ठोसेघरला न्यायचं ठरलं कारण आत्याला धबधबा बघायचा होता आणि येताना बाहेर मटण खाऊ असं मीच बोललो, म्हणजे पाहुण्यांना शब्द मीच दिलेला. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, आई आणि ते तिघं, अशी सात माणसं. आई माळकरी आहे, नुकतीच आषाढी झालेली, पण ती म्हणाली मला साधी थाळी मागवा, तुम्ही खावा निवांत.

धबधबा झाला, पाऊस चिकार, गॅलरीवर उभं राहायला जागा नव्हती, सगळे भिजून गारठलेले. दीडच्या सुमारास परत निघालो, पोटात कावळे ओरडत होते. रस्त्याला एक गार्डन हॉटेल दिसलं, बाहेर पंधरा-वीस गाड्या, पुणे-मुंबई पासिंगच्या जास्त, आणि मोठा बोर्ड, 'मटण थाळी ३२०'. मी मनात हिशोब केला, पाच मटण थाळ्या म्हणजे सोळाशे, आईची एक शाकाहारी, वरचं काही धरून दोन-सव्वादोन हजारात बसतंय. थांबलो. हॉटेलचं नाव मी लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण काय काय झालं ते सगळं लिहितो, कारण अशी पद्धत एकाच ठिकाणी असेल असं मला वाटत नाही.

बसल्यावर पंचवीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. टेबल पुसलेलं नव्हतं, आधीच्यांचं हाड तसंच पडलेलं, शेवटी बायकोनं टिश्यू घेऊन पुसलं. मेन्यूकार्ड मागितलं तर वेटर म्हणाला कार्ड नाही दादा, मी सांगतो ना. हे वाक्य लक्षात ठेवा. म्हणलं पाच मटण थाळी द्या, बाहेर लिहिलीय ती. तर म्हणाला साधी संपली, आता स्पेशल आहे, सेमच असते फक्त सुकं जरा जास्त येतं. मी रेट विचारला नाही. खरं सांगतो, मामा समोर बसलेले, ते पहिल्यांदा आपल्याकडं जेवायला आलेत आणि आपण त्यांच्यासमोर थाळी कितीला असं विचारायचं, हे मला जमलं नाही. माझी मोठी चूक तिथंच झाली.

मग एक पोरगा ट्रे घेऊन आला, सात वाट्या सोलकढी, घ्या घ्या म्हणत सगळ्यांसमोर ठेवून गेला. आम्ही मागितली नव्हती, थाळीतलीच असेल असं वाटलं. मागोमाग मसाला पापड चार प्लेट. पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि टेबलावर ठेवायच्या आधीच टोपणं फिरवून सील तोडलं. साधं पाणी द्या म्हणलं तर म्हणाला पावसाचं गढूळ येतंय, लहान पोर आहे तुमच्यासोबत, नको. आता पोरीचं नाव काढल्यावर कोण नाही म्हणणार. मुलीला वेगळं काही नको, आमच्यातलं खाईल, एक चपाती जादा द्या असं स्पष्ट सांगितलेलं, तरी तिच्यासमोर भरलेलं ताट आणून ठेवलं. परत ने म्हणलं तर 'राहू द्या हो' म्हणून निघून गेला. 'राहू द्या हो' म्हणजे फुकट नसतं हे बिल आल्यावर कळलं.

जेवणाबद्दल फार लिहित नाही. रस्सा गार, सुक्यात चरबी जास्त, भाकरी कडक. आतेभावानं थोडं सुकं द्या म्हणलं तर दोन प्लेटा आल्या, तो म्हणत होता थाळीतलं वाढा, त्यांनी वेगळी ऑर्डर धरली.

पण आईच्या ताटाचं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तिची थाळी सगळ्यात शेवटी आली, आम्ही निम्मं जेवल्यावर. वांग्याची भाजी, आमटी, भात, दही. तिनं पहिला घास घ्यायच्या आधी आमटीची वाटी जरा तिरकी केली आणि थांबली. मी वाकून बघितलं तर आमटीवर लाल तर्री तरंगत होती आणि तळाशी मटणाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. म्हणजे मटणाच्या रश्श्यातला डाव तसाच आमटीत घातलेला. आई काहीच बोलली नाही. ताट बाजूला सरकवलं, पदरानं हात पुसला आणि पिशवीतलं केळं काढून सोललं. मी वेटरला बोलावलं, दाखवलं, तो वाटीत बघून म्हणाला 'मसाल्याचं असेल.' मटणाचा तुकडा समोर दिसतोय आणि मसाल्याचं असेल. दुसरी वाटी आणतो म्हणाला, ती आई घेणारच नव्हती. गळ्यात तुळशीची माळ घालून इतकी वर्षं पाळलेली बाई, आणि त्यांना त्याचं साधं वाईटसुद्धा वाटलं नाही. सॉरी हा शब्द त्या हॉटेलात एकाही माणसाच्या तोंडून निघाला नाही.

मग बिल. साध्या पॅडच्या कागदावर पेनानं लिहिलेलं. वर हॉटेलचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही, बिल नंबर नाही. स्पेशल मटण थाळी ६, प्रत्येकी ४८०, म्हणजे २,८८०, मुलीची धरून. शाकाहारी थाळी २२०, आईनं घासही न खाल्लेली. सुकं २ प्लेट ७६०. मसाला पापड ४, २४०. सोलकढी ७, ३५०. पाणी ५ बाटल्या १५०. जादा भाकरी ८, २४०. झाले ४,८४०. त्याखाली सर्व्हिस चार्ज १० टक्के ४८४, आणि या दोन्हीच्या बेरजेवर जीएसटी ५ टक्के, एकूण ५,५९०.

मी काउंटरवर गेलो. सर्व्हिस चार्ज काढा म्हणलं. तिथला पोरगा म्हणतो 'दादा सिस्टिममधनं येतंय, मला काढता येत नाही.' हातानं लिहिलेल्या कागदात कुठली सिस्टिम.

हे सगळ्यांना माहिती पाहिजे म्हणून जरा सविस्तर सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात स्वच्छ म्हणलंय की हॉटेलनं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानं पण घ्यायचा नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याच्या विरोधात दिल्ली हायकोर्टात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला कोर्टानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. टीप द्यायची का नाही ते आपल्या मर्जीवर. इथं जे केलेलं ते नेमकं तेच, जे करू नका म्हणून सांगितलंय.

जीएसटीचं त्याहून वाईट. जीएसटी लावायचा तर बिलावर पंधरा आकडी-अक्षरी नंबर पाहिजे, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं होते, आणि जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता तो नंबर टाकून तपासता येतो. आणि जे छोटे हॉटेलवाले कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतः भरायच्या सोयीत असतात त्यांना गिऱ्हाईकाकडनं वेगळा जीएसटी घेताच येत नाही, तसं त्यांनी बिलावर लिहायचं असतं. खाण्याच्या धंद्याचा जो फूड लायसनचा १४ आकडी नंबर असतो तो पण १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापायचाय. आमच्या कागदावर यातलं एकही नव्हतं. मी नंबर विचारला, पोरगा म्हणाला मालक बाहेर गेलेत.

पाण्याच्या बाटलीबद्दल मात्र मी भांडलो नाही. बाटलीवर २० छापलेले आणि लावले ३०, पण बसून खायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय, त्यामुळं तिथं आपली बाजू लंगडी पडते. भांडायचं तर जिथं आपण बरोबर आहोत तिथंच.

एवढ्यात मामा उठून आले. 'आमच्यापायी भांडू नगंस रं, मी देतो.' हे ऐकून मला इतकी लाज वाटली, पाहुण्यानं पैसे द्यायचे म्हणजे काय, मी लगेच फोन काढला आणि क्यूआर स्कॅन केला. त्या काउंटरवरच्या पोराला हे रोजचं माहिती असणार, की पाहुणे, म्हातारी माणसं, लेकरं सोबत असली की माणूस शंभर-दोनशेसाठी वाद घालत बसत नाही. आणि आमच्यापुढचे पुण्याचे लोक तर न बघताच पैसे देऊन गेले, त्यांना परत कशाला यायचंय.

क्यूआरवर हॉटेलचं नाव नव्हतं, एका माणसाचं नाव आलं. ५,५९० टाकले, पिन टाकला, आणि गोल फिरत राहिलं. रेंज एक काडी. पेमेंट प्रोसेसिंग. पोरगा म्हणाला स्पीकर वाजला नाही, आलं नाही, परत करा नाहीतर कॅश द्या. मी म्हणलं पाच मिनिटं थांबू, कळेल. तर म्हणाला मागं लाइन आहे. बाहेर बघितलं तर आमच्या गाडीच्या मागं त्यांच्यातल्याच कुणाची तरी बोलेरो आडवी लागलेली आणि दोघंजण तिथं उभे. पाऊस, आई गाडीत बसलेली, मुलगी कंटाळलेली. मामांनी माझं न ऐकता खिशातनं ५,६०० काढून दिले. वरचे दहा परत दिले नाहीत, सुट्टे नाहीत म्हणाला. मी म्हणलं ऑनलाइन आले तर? 'आले तर परत टाकतो ना दादा, पळून चाललोय का.'

संध्याकाळी घरी आल्यावर बँकेचा मेसेज बघितला. ५,५९० कट झालेले, ॲपमध्ये सक्सेसफुल, वेळ दुपारी २ वाजून ५२ मिनिटं. म्हणजे आम्ही काउंटरवर उभे असतानाच पैसे गेले होते. एका जेवणाचे ११,१९० रुपये. परत टाकायला फोन कुठं करायचा, कागदावर नंबरच नव्हता.

सोमवारी बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं. यूपीआय फेल झालं आणि पैसे मधेच अडकले तर दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी बँकेनं पाच दिवसात आपोआप परत द्यायचे असतात, त्याच्यावर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण आमचं फेल झालेलंच नव्हतं, समोरच्याच्या खात्यात जमा होतं, त्यामुळं बँक ते ओढून आणू शकत नाही. त्यांनी स्टेटमेंटची प्रिंट दिली आणि व्यवहाराच्या बारा आकडी नंबरवर पेनानं गोल करून दिला. तो गोल केलेला नंबरच पुढं कामाला आला.

त्याच दिवशी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं. तक्रार घेतली, नंबर दिला, पण पहिला प्रश्न हाच, बिलावर हॉटेलचं नाव काय आहे? काहीच नाही. शेवटी क्यूआरवरचं नाव, कागदाचा फोटो आणि बायकोनं सहज काढलेला जेवतानाचा एक फोटो ज्यात मागं बोर्ड दिसतोय, एवढ्यावर तक्रार दाखल झाली.

मंगळवारी एका मित्राला घेऊन तिथं गेलो. रविवारची गर्दी नव्हती, सगळं रिकामं. मालक होते, साठीतला माणूस, आधी म्हणाले पोरांनी काय केलं मला माहीत नाही. प्रिंट पुढं ठेवली, बारा आकडी नंबर दाखवला, १९१५ चा तक्रार नंबर दाखवला. मग त्यांनी त्यांच्या फोनमध्ये बघितलं, रविवार २ वाजून ५२, आमचंच नाव. गप्प झाले आणि तिथंच ५,५९० परत टाकले. म्हणजे पैसे आलेत हे त्यांना दोन दिवस दिसत होतं. सर्व्हिस चार्ज आणि जीएसटीचं विचारलं तर आम्ही भरतो म्हणाले, नंबर मागितला तर सीएकडं आहे म्हणाले.

निघताना बाहेर तो बोर्ड नीट जवळ जाऊन बघितला. ३२० च्या पुढं, पांढऱ्या रंगावर फिक्कट पिवळ्या अक्षरात, वीतभर आकड्याशेजारी बोटाएवढं, 'पासून' असं लिहिलंय. गाडीतनं ते दिसणं शक्यच नाही. त्याचाही फोटो काढून तक्रारीला जोडला.

मामांना ५,६०० त्याच रात्री पाठवले, घेत नव्हते, आत्यानं घ्यायला लावले. सर्व्हिस चार्ज, जीएसटी, मुलीची न मागितलेली थाळी, सोलकढी आणि पापड, हे सगळं तक्रारीत टाकलंय, अजून उत्तर आलेलं नाही, इथं दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखापर्यंतच्या दाव्याला तिथं फी लागत नाही. आईच्या थाळीचे २२० मात्र मी वेगळ्या ओळीत लिहिलेत, रक्कम म्हणून नाही, त्या वाटीत काय निघालं ते कुणीतरी कागदावर वाचावं म्हणून.