वागळे इस्टेटमधला मेमेंटोचा कारखाना: ‘तिथे होतं काय, ते सांगा’

ठाणे स्टेशनजवळच्या दुकानांतून मेमेंटो बघत फिरले तेव्हा सगळीकडे तीनच वस्तू दिसल्या: ॲक्रेलिकची ज्योत, काचेचा तारा आणि हात उंचावलेली सोनेरी बाई. पट्टीवरचं नाव बदललं की तीच वस्तू क्रिकेटच्या सामन्याला चालते, निवृत्तीला चालते, रक्तदान शिबिरालाही चालते. कृतज्ञता, सेवा, समर्पण असे शब्द खाली कोरून मिळतात. पण वर जे उभं असतं त्याचा त्या शब्दाशी काही संबंध नसतो.

आम्हाला मेमेंटो हवे होते लेखनिकांसाठी. मी दृष्टिहीन मुलांना परीक्षेला लेखनिक मिळवून देण्याचं काम करते. मुलं तोंडी सांगतात, लेखनिक तसंच्या तसं लिहितात. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. एवढा वेळ दुसऱ्याचं उत्तर लिहीत बसायचं, स्वतःला येत असलं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही. गृहिणी येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, कॉलेजची मुलं येतात, कुणी रजा टाकून येतं. यंदा मुलांनीच वर्गणी काढली आणि एकच अट घातली: वस्तू हाताला कळली पाहिजे.

वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीत, तळमजल्यावर हा कारखाना आहे. दोन गाळे, एकात बफिंगची मशीन, दुसऱ्यात मातीकाम आणि मेणकाम. ओळखीच्या एका शिक्षिकेने पत्ता दिला होता. मालकांना मी कागदावर लिहून नेलेलं वाचून दाखवलं: ‘कृतज्ञता, विश्वास, संयम.’ त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, हे शब्द राहू द्या बाजूला. पेपरला बसल्यावर तिथे होतं काय, ते सांगा.” मी सांगायला लागले तर म्हणाले, “तुम्ही नका सांगू. मुलांनाच घेऊन या.”

पुढच्या शनिवारी बारावीच्या दोघांना घेऊन गेले. मालकांचा पुतण्या मॉडेल बनवतो. तो मातीचा गोळा मळत शांतपणे ऐकत होता. मुलगी म्हणाली, “मला उत्तर आठवत नसलं की मी गप्प बसते. मग पेनाचा आवाजपण बंद होतो. पण लेखनिकताईंचा हात बाकावरून हलत नाही, ते कळतं मला. त्या घाई करत नाहीत आणि पुढचा शब्द स्वतःहून लिहीतपण नाहीत.” पुतण्याने विचारलं, “म्हणजे पेन कागदाला टेकलेलं नसतं?” ती म्हणाली, “नाही. थांबलेलं असतं.”

त्याने तिथल्या तिथे करून दाखवलं. किंचित वाकलेला कागद, त्यावर करंगळीच्या बाजूने टेकलेला हात, तीन बोटांत पेन, आणि पेनाचं टोक कागदापासून जरा वर. मुलीने हात फिरवला, टोकाखाली नख सरकवलं आणि म्हणाली, “हेच!” त्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या फटीत आमच्या लेखनिकांचं सगळं काम आहे. ज्याला डोळे आहेत त्याला ती दिसते, ज्याला नाहीत त्याला बोटाला लागते. मला या माणसांचं कौतुक वाटतं ते इथे. संयम दाखवायला त्यांनी ध्यानस्थ ऋषी बसवला नाही, विश्वासासाठी हातात हात दिले नाहीत.

मोठी गोष्ट एका साध्या खुणेतून दाखवायची, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. वारीत पालखीतून पादुका जातात आणि लोक माउली आली म्हणून पुढे धावतात. सांचीच्या स्तूपाच्या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात नाही. रिकामं आसन आहे, पावलं आहेत, बोधिवृक्ष आहे. आणि रूप बदललं की अर्थही सरकतो. सर्वोच्च न्यायालयातल्या ग्रंथालयातल्या, 2024 मध्ये बातम्यांत आलेल्या नव्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तलवारीच्या जागी संविधान आहे. ही बातमी मी मुलांना वाचून दाखवली तेव्हा त्यांची चर्चा पट्टीवरच अडली. न दिसणं म्हणजे निःपक्षपातीपणा, हे त्यांना कधीच पटलेलं नव्हतं.

आता कामाविषयी. मातीच्या मॉडेलवरून रबराचा साचा, साच्यातून मेणाच्या प्रती, त्यांच्याभोवती प्लास्टर, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ. ओतकाम बाहेरून करून आणतात, घासकाम आणि पॉलिश इथे. खाली सागवानी बैठक. बोटांच्या पेरांवरच्या रेषासुद्धा उतरल्या आहेत. पितळ मुद्दाम चकचकीत केलेलं नाही, त्यामुळे हात निसटत नाही.

ब्रेलच्या पट्टीला मात्र त्रास झाला. मुलांनी मजकूर ठरवला होता, ‘तुम्ही थांबलात म्हणून’. पहिल्या नमुन्यात ठिपके आत कोरलेले निघाले. ब्रेल उठावाचं लागतं. दुसऱ्या वेळी उठावाचं केलं, पण दिसायला छान म्हणून ठिपके मोठे केले. ब्रेलचं एक अक्षर सहा ठिपक्यांच्या जागेत बसतं आणि ती पूर्ण जागा बोटाच्या टोकाखाली एकदम यावी लागते. शेजारच्या ठिपक्यांत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं. त्याहून फार वाढवलं तर वाचणाऱ्याला अक्षर जुळवत बसावं लागतं. मुलाने हात फिरवून सांगितलं, “काका, ह्या टिकल्या झाल्या.” मालकांनी कुरकुर न करता तिसऱ्यांदा पट्टी केली आणि जादा पैसे घेतले नाहीत. पण हे त्यांना आधी माहीत असायला हवं होतं. यात दहा दिवस गेले.

एका नगाला 1,150 रुपये पडले, पॅकिंग धरून. ॲक्रेलिकच्या ज्योतीपेक्षा नक्कीच महाग. 25 नगांच्या खाली नवीन साचा करत नाहीत, निम्मी रक्कम आधी द्यावी लागते. फोन सहसा उचलत नाहीत, जाऊनच बोलावं लागतं. खोके अगदीच पातळ आहेत. आम्ही आत कापडी पिशव्या घातल्या.

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या संमेलनांची गर्दी असते, तेव्हा असलं वेगळं काम घेऊन जाऊ नका, रेडीमेड ट्रॉफी गळ्यात मारतील. पावसाळ्यात जा, दोन महिने हातात ठेवा. आणि ज्यांच्याकडून भेट जायची आहे त्यांना सोबत न्या. ब्रेल हवं असेल तर वाचणाऱ्याच्या बोटाखालून नमुना गेल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.