कोच, समुपदेशक की धंद्यातला जुना माणूस? सोलापुरात कोणाकडे जावं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला वडिलांचा टॉवेलचा कारखाना हाती आलेला तिशीतला मुलगा आणि बँकेत नुकत्याच शाखाधिकारी झालेल्या एक बाई. ‘कोच लावावा का?’ असं हल्ली दोघंही विचारतात. हा कोच खेळातला नव्हे; प्रश्न विचारून कामातली अडचण आपली आपल्याला सोडवायला लावणारा. दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

माहितीच कमी पडत असेल तर कोचकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुताचा भाव चढला की माल किती भरून ठेवायचा, कुणाला किती दिवस उधारी द्यायची, हे आयुष्यभर लूम चालवलेला माणूस चहा पिता पिता सांगून जातो, तेही फुकट. कोच ते सांगणार नाही. ते त्याचं कामच नाही. कर्ज आणि सरकारी योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहेच. जुन्या माणसाची अडचण एवढीच, की तो स्वतः चालला तोच रस्ता दाखवतो. त्यात सोलापूर पडलं ओळखीपाळखीचं. तो वडिलांचा मित्र निघतो, नाहीतर नात्यातला. ‘मला हा धंदा करायचाच नाही’ हे त्याच्यासमोर बोलणार कसं?

झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर हा कोचचा विषयच नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारावं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. चांगला कोच अशा माणसाला स्वतःहून तिकडे पाठवतो. ‘मीच बघतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

मग कोच कुणासाठी? काय करायचं ते कळतंय, पण हातून होत नाही, अशांसाठी. त्या शाखाधिकारी बाईंचंच घ्या. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज काम सांगायचं. जीभ रेटत नाही, म्हणून त्या रात्री आठपर्यंत एकट्याच फायली उपसत बसतात. व्यवस्थापनाचं पुस्तक त्यांना पाठ असेल, तरी उपयोग शून्य. कोच इथे विचारतो: नेमकं काय व्हायला हवं? सध्या काय घडतंय? कोणकोणते मार्ग आहेत? त्यातलं काय, कधी करणार? प्रश्नांचा हा क्रम ब्रिटनच्या जॉन व्हिटमोर यांनी 1992 साली पुस्तकातून लोकांपर्यंत नेला. गृहस्थ मूळचे मोटार शर्यतीतले. ऐकायला हे अगदीच साधं वाटतं. पण ‘सोमवारी कुणाला, कोणतं काम, कोणत्या शब्दांत सांगणार?’ इथपर्यंत कोच आणून सोडतो आणि पंधरा दिवसांनी ‘सांगितलंत का?’ असं विचारतो. खरं काम या दुसऱ्या प्रश्नाने होतं. घरचे हाच प्रश्न विचारतात तेव्हा भांडण होतं.

हॉलमधली दोन दिवसांची प्रेरणा शिबिरं मी या तुलनेत धरतच नाही. टाळ्या छान वाजतात.

आता निवडीचं. भारतात कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रमाणपत्र कुणाचं आहे ते बघावं. 1995 साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचांच्या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला, किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पुढच्या पीसीसीला 125 आणि 500 तास. एवढ्यावरून माणूस चांगलाच निघेल असं नाही, पण दोन दिवसांच्या कोर्सवाले गळतात.

कोच सोलापुरातलाच हवा असा हट्ट नको. पुण्याचा कोच ऑनलाइन बोलला तरी चालतं. उलट तो आपल्या गोतावळ्यात नाही, हा फायदाच. भाषेत मात्र तडजोड करू नये. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्याला मनातलं तेलुगूत सांगणं सोपं जात असेल, तर तेलुगू जाणणारा शोधावा. इंग्रजीत फक्त शहाणी उत्तरं सुचतात.

पहिली ओळखीची बैठक बरेच जण फुकट देतात. त्यात तुमच्यापेक्षा कोचच जास्त बोलला, तर तिथेच थांबावं. फी कंपनी भरणार असेल, तर साहेबांना काय कळवायचं आणि काय नाही हे तिघांनी बसून आधी ठरवावं. आणि वर्षाची फी एकरकमी मागणाऱ्याला आधी तीनच बैठकांचे पैसे देऊ करावेत. नाही म्हणाला, तर पुढचा बघावा.