जुन्या देवळाला वीजरोधक: एकच ईएसई दांडा की पट्ट्यांचं जाळं?

मुंबईतल्या जुन्या देवळाच्या किंवा चर्चच्या विश्वस्तांपुढे बहुधा दोन प्रस्ताव येतात. एक, शिखराजवळ उंच खांबावर बसवायचा ‘ईएसई’ (अर्ली स्ट्रीमर एमिशन) दांडा, म्हणजे साध्या दांड्यापेक्षा आधी वीज ओढून घेतो असा दावा असलेला. दुसरा, कळसापासून छपराच्या कडांवरून, भिंतींवरून उतरणाऱ्या पट्ट्या आणि वास्तूभोवती जमिनीत पुरलेलं कडं.

ईएसईचं काम लवकर उरकतं, कोरीवकामाला हात लागत नाही. विक्रेते सत्तर-ऐंशी मीटरपर्यंतचं संरक्षण सांगतात. तो हिशेब एनएफ सी 17-102 या फ्रेंच मानकाचा. आपलं वीजसंरक्षणाचं मानक आयएस/आयईसी 62305 मात्र दांड्याचं प्रत्यक्ष आकारमानच धरतं. त्यानुसार सभामंडपाचं दूरचं टोक उघडं राहू शकतं. जी वास्तू पुन्हा उभी राहणार नाही, तिच्यासाठी अशा वादातल्या आकड्यावर विसंबू नये, असं मला ठामपणे वाटतं. देऊळ लहान असेल तर साध्या दांड्यानेही भागतं, मग ईएसईचे जास्तीचे पैसे कशाला?

जाळ्यात प्रवाह अनेक वाटांनी विभागला जातो, त्यामुळे घंटेच्या साखळीकडे किंवा वायरिंगकडे ठिणगी उडण्याचा धोका घटतो. उतरत्या पट्ट्यांमधलं अंतर संरक्षणाच्या तिसऱ्या श्रेणीत साधारण 15 मीटर, सर्वांत कडक अशा पहिलीत 10.

खरी कसोटी धातूची. खाऱ्या हवेत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी लवकर गंजते. तांबं टिकतं, पण चोरीला जातं आणि पांढऱ्या दगडावर हिरवे ओघळ सोडतं; कथिलाचा मुलामा दिला तर ओघळ कमी होतात. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, पण ओल्या चुन्याच्या गिलाव्याला टेकलं की खराब होतं आणि जमिनीत पुरता येत नाही. हे दोन धातू एकमेकांना जोडायचे तर बायमेटॅलिक क्लॅम्प, म्हणजे दोन वेगळ्या धातूंसाठी बनवलेली जोडपकड, हवाच. खिळे दगडात नकोत, सांध्यात मारा, तेही लोखंडी नकोत. गंजून फुगले की दगड फोडतात.

मलबार हिलवर खडक वर असल्याने अर्थिंगला 10 ओहमच्या आत आणणं कष्टाचं. भरावाच्या खारट जमिनीत ते सोपं, पण इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला अर्थिंगचा धातू) लवकर झिजतो.

कोणताही पर्याय घ्या, मीटर, सीसीटीव्ही आणि लाउडस्पीकरच्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला जादा दाब अडवणारं उपकरण) लागतोच. वास्तू वारसा यादीत असेल तर आधी परवानगी घ्या. बजेट तोकडं पडलं तर पट्ट्यांची संख्या कमी करू नका. वरचं जाळं भिंतीपासून अंतर राखून अ‍ॅल्युमिनियमचं करा, जमिनीतलं तांब्याचंच ठेवा.